यंत्रांतील घाला ओळखावा कसा?

संगणक बिघडला कीं ‘व्हायरस शिरला’ असें म्हणून आपण मोकळे होतों. नुसता ‘ताप आला’ एवढ्यानें वैद्याचें भागत नाहीं.

पहिली वर्गवारी झाली ती संचारावरून. १९८६ सालचा लाहोरच्या दोघां बंधूंचा ‘ब्रेन’ फ्लॉपीवर बसून फिरे, म्हणून तो विषाणु. १९८८ सालचा रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याचा कार्यक्रम आपल्याच पायांनीं यंत्रामागून यंत्रांत शिरला, म्हणून तो कृमि. शाळामास्तरास ही विभागणी आवडावी अशीच आहे. परंतु चालीवरून हेतु कळत नाहीं. म्हणून पुढें जाणत्यांनीं निराळा प्रश्न घातला: जखम कशास झाली? गुप्ततेस, सत्यतेस, कीं उपलब्धतेस?

२७ जून २०१७ रोजीं जगभर पसरलेल्या ‘नॉटपेट्या’नें मर्स्क कंपनीस गांठलें आणि उरणनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील तिच्या धक्क्याचें काम थांबलें. बाधित यंत्रांच्या पडद्यांवर ३०० डॉलरांची खंडणी मागितलेली. वरकरणी दरोडाच! पण पडद्यावरचा संकेतांक निव्वळ यदृच्छेनें बनविलेला होता. त्यावरून कुलुपाची किल्ली खुद्द दरोडेखोरासहि काढतां आली नसती. ही खंडणी नव्हे, जाळपोळ. ज्यानें तिला खंडणी मानून पैसे भरले तो दोनदां नागवला. येथें तारते ती दूर ठेवलेली नक्कल. मर्स्कची एक महत्त्वाची नक्कल घानांत वांचली, तीहि तेथें त्या वेळीं वीज गेली होती म्हणून!

पुण्याच्या कॉसमॉस बँकेंत मात्र नक्कल निरुपयोगी ठरली असती. सीताबर्डीवरच्या एटीएममध्यें आपण कार्ड घालतों, तेव्हां ‘पैसे द्यावे काय?’ हा प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकाकडे जातो. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं चोरांनीं वाटेंतच एक खोटा मुनीम बसविला. तो प्रत्येक प्रश्नास ‘द्या’ म्हणे, आणि बँकेच्या खतावणीस त्याची वार्ताहि नसे. बनावट कार्डांनीं काहीं तासांत २८ देशांतून सुमारें ७८ कोटी रुपये निघाले. सोमवारीं, १३ तारखेस, स्विफ्टमार्गें आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकंदर तोटा ९४ कोटींवर. तो बँकेचा, ठेवीदारांचा नव्हे. कोणतेंहि यंत्र बंद पडलें नव्हतें. सारीं चोख उत्तरें देत होतीं, फक्त तीं खोटीं होतीं. अशा दुखण्यास दिलेल्या पैशांचा खतावणीशीं घटकेघटकेला ताळा घालणें हाच उपाय.

एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें याच प्रकरणीं ११ जणांस शिक्षा ठोठावली.