गाळाने घडवलेले तळे

पिंपळगाव बसवंतहून निफाडमार्गे नांदूर मध्यमेश्वरला जायला फारसा वेळ लागत नाही. वाटेत द्राक्षबागा, कांद्याच्या चाळी, उसाचे फड. मग झाडी दाट होत जाते आणि बाभळींच्या मागे पाणी दिसू लागते. हिवाळ्यातल्या रविवारी इथे नाशिक-मुंबई-पुण्याच्या गाड्या लागतात, गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसे चापडगावच्या बाजूने मनोऱ्याकडे चालू लागतात, आणि ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हे शब्द हमखास कानी पडतात. या शब्दांत थोडी गफलत आहे. ती दूर केली तर जागेचे मोल कमी होत नाही, वाढते, असे माझे म्हणणे आहे. हे तळे दुष्काळाच्या धास्तीने बांधलेल्या बंधाऱ्यामागे साठले, आणि पक्ष्यांना राहण्याजोगे झाले ते त्या बंधाऱ्यात भरलेल्या गाळामुळे. महाराष्ट्राच्या पठारावर तळ्याकाठी रानात भटकायची आणि मुक्काम ठोकायची जी हौस आज रुजली आहे, तिची मुळे जवळपास सगळीकडे अशाच एखाद्या बांधकामात सापडतात. तिथे काय करावे आणि काय करू नये, हे ठरवायचे तर आधी तो इतिहास पाहावा लागतो.

आपल्या पठारावर नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. उल्केच्या आघाताने झालेले लोणार हा मोठा अपवाद. बाकी काळ्या पाषाणाचा उतार, पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत तुटणाऱ्या नद्या. पाणी अडवायची विद्या आपल्याकडे जुनी आहे. बागलाण आणि खानदेशात मोसम, गिरणा, पांझरा या नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे होते आणि त्यांच्या पाण्याची वाटणी गावाने नेमलेले पाटकरी करत. पण ते बंधारे पाणी वळवायचे, फारसे साठवायचे नाहीत. त्यांच्या मागे क्षितिजापर्यंत पसरलेले तळे कधी तयार झाले नाही. त्यामुळे पाण्याकाठी जाण्याची आपली जुनी रीत तळ्याची नव्हती, नदीची होती: पर्वणीचे स्नान, संगमावरचा विधी, यात्रा, धर्मशाळेतला मुक्काम. नांदूरची ओळखही आधी तीच. गाव गोदावरी-कादवा संगमाजवळचे, नावातला मध्यमेश्वर हा नदीच्या पात्रातला महादेव, आणि रामाने मारीच मृगाचा पाठलाग केला तो याच भागात अशी श्रद्धा. नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर १८८३ मध्ये छापले गेले तेव्हा पाहुण्याने इथे यायचे कारण देवदर्शन हेच असणार, कारण आज दिसते ते तळे तेव्हा नव्हतेच.

ते आले दुष्काळांमागून. १८७६ ते १८७८, मग १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खनची गावे ओस पाडली. १९०१ मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगाने दख्खनपुरता जो विचार मांडला तो साधा होता: पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत पावसाचा भरवसा नाही, भरवसा आहे तो घाटमाथ्यावर, तेव्हा पाणी घाटात साठवा, नदीतून खाली आणा आणि जिथे जमीन सपाट होते तिथे कालव्यांत घाला. इगतपुरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि निफाडला त्याच्या लहानशा हिश्श्यावर समाधान मानावे लागते, हे ठाऊक असलेल्या कुणालाही हा विचार पटेल. त्यातून इगतपुरी तालुक्यात दारणा धरण झाले, १९१६ मध्ये पुरे झालेले. दारणेचे पाणी गोदावरीत उतरते, आणि ते उचलून डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे न्यायचे म्हणून नांदूर मध्यमेश्वरला दगडी बंधारा घातला गेला. प्रवरेवर भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये उभे राहिले. दारणेच्या जलाशयाला लेक बील, भंडारदऱ्याच्या जलाशयाला लेक आर्थर हिल, खडकवासल्याच्या जलाशयाला लेक फाइफ: नावे साहेबांची, पाणी घाटाचे, आणि खाली गेलेली जमीन बहुतेक ठिकाणी कोळी, ठाकर, कुणब्यांची. दुष्काळनिवारणाच्या नावाने आणलेले हे पाणी पुढे ज्वारीपेक्षा उसालाच अधिक मिळाले, हेही नोंदवायला हवे. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली ती याच ओढाताणीतून, म्हणजे मोजके पाणी अधिक गावांत फिरावे आणि काही जणांच्या उसातच संपू नये म्हणून.

नांदूरचा बंधारा साठवणीचा नाही, हे या जागेचे सगळ्यात महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे आणि पाहुण्यांच्या ध्यानात तेच येत नाही. साठवण वर, दारणा आणि पुढे १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणात. इथे फक्त पाण्याची पातळी कालव्याच्या तोंडापर्यंत उचलायची. मोठ्या धरणाचे पाणी खोल असते आणि उन्हाळ्यात पुरुष-दोन पुरुष खाली उतरते, काठाला नुसता उघडा मुरूम राहतो. तिथे पाणवनस्पती तग धरत नाहीत. नांदूरला तसे होत नाही. रब्बीचे आणि उन्हाळ्याचे आवर्तन सुटले की वरून पाणी येत राहते आणि कालव्यांत जात राहते. हे तळे म्हणजे खरे तर वाटेवरचा थांबा. त्यात दर पावसाळ्यात नाशिक-दिंडोरी-निफाडच्या काळ्या रानांची माती वाहून येते आणि बंधाऱ्याशी अडते. शतकभरात ती थरावर थर साचली, उथळ जागा झाल्या, बेटे झाली, बेटांवर बाभळी उगवल्या, काठाला पाणकणीस दाटले. अभियंत्याच्या हिशेबात हा शुद्ध तोटा, साठा कमी झाला एवढाच त्याचा अर्थ. पण गुडघाभर पाण्यात चोच बुडवून चरणाऱ्या थापट्याला, डोके खाली शेपूट वर करून तळ उकरणाऱ्या तलवार बदकाला, चिखलात लांब गुलाबी पायांनी चालणाऱ्या शेकाट्याला हवी असते ती नेमकी हीच उथळ, सुपीक जागा. पानांवरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, कपाळावर पांढरा टिळा असलेला म्हणून आपल्या लोकांनी ज्याचे नाव ‘वारकरी’ ठेवले तो काळा पाणपक्षी, चोचीच्या बुडाशी लाल नि टोकाला पिवळा रंग म्हणून ‘हळदी-कुंकू’ झालेले बदक, सगळे या गाळाचे आश्रित. १९८६ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, असल्याची घोषणा झाली. रामसरच्या नोंदीत इथल्या ५३६ प्रजाती मोजल्या आहेत, आणि ही पाणथळ बंधाऱ्यामुळे झाली हेही तिथे स्पष्ट लिहिले आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की पक्षी काय बंधाऱ्याची वाट पाहत बसले होते? गोदावरीच्या डोहांवर, संगमाच्या वाळूवर ते आधीही उतरत असणार. उतरत असतीलच. गोदाखोऱ्यातल्या जुन्या गाळथरांतून अश्मयुगीन हत्यारे आणि प्राचीन जनावरांचे जीवाश्म निघाले आहेत, तेव्हा माणूस आणि प्राणी या नदीकाठी फार जुने सोबती आहेत यात वाद नाही. पण वाहत्या नदीचा डोह आणि शेकडो हेक्टर उथळ पाणथळ यांत फरक आहे. डोहावर थवा थांबतो, पाणथळीवर हजारोंचा हिवाळा जातो. आणि या पक्ष्यांचे पोट नुसत्या पाण्यावर भरत नाही. चक्रवाक आणि करकोचे भोवतालच्या शेतांत उतरतात, हरभऱ्या-गव्हाच्या रानांत चरतात. ती ओलिताची रानेही सिंचनाचीच देणगी. बंधारा आणि कालवे या चित्रातून काढा, म्हणजे निफाड तालुक्याच्या या कोपऱ्यात एक कोरडी नदी आणि तिच्या काठचे देऊळ एवढेच उरेल.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो जास्त वजनाचा आहे. गोदावरीला पूर आला की सायखेडा-चांदोरीत पाणी घुसते. २००८ चा सप्टेंबर आणि २०१९ चा ऑगस्ट त्या गावांना विसरता येणार नाही. गाळ भरल्याने फुगवटा वाढतो, तेव्हा गाळ काढा, अशी काठावरच्या गावांची जुनी मागणी आहे. बदकांसाठी आम्ही बुडायचे का, हा त्यांचा प्रश्न टाळून जे कुणी निसर्गप्रेम सांगतील त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. गाळावरच पाणथळ उभी आहे हे खरे असले, तरी सगळा गाळ पवित्र असे त्यातून निघत नाही. नदीच्या मुख्य धारेतला, पुराची वाट अडवणारा गाळ हलवता येतो आणि कडेची उथळ बेटे राखता येतात; पाणवेलींनी आणि जलपर्णीने कोंडलेला प्रवाह मोकळा करणे पक्ष्यांच्याही हिताचे आहे. त्यासाठी जलसंपदा आणि वन या दोन खात्यांनी आणि गावांनी एका नकाशावर बसायला हवे. हे माणसाने बांधलेले तळे आहे, त्याची देखभालही माणसालाच करावी लागणार. ‘निसर्ग आहे, हात लावू नका’ असे म्हणून मोकळे होणारे ही जबाबदारी नाकारतात.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: एवढे मोलाचे स्थळ असेल तर माणसांना बाहेरच काढा, कुंपण घाला. नांदूरला लोक ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात, तेव्हा भरतपूरचाच दाखला घेऊ. तिथली केवलादेवची पाणथळही माणसानेच घडवली; बंधाऱ्याच्या पाण्यावर ती पोसली गेली आणि संस्थानी काळात तिथे बदकांच्या मोठ्या शिकारी होत. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथली गुरेचराई एकाएकी बंद केली गेली, संघर्ष झाला, गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वर्षानुवर्षे अभ्यास केला तेव्हा दिसले की म्हशी गेल्यावर गवत बेसुमार माजले आणि मोकळे पाणी झाकले गेले, त्याने पक्ष्यांचेच नुकसान झाले. ही गोष्ट नांदूरसाठी ताजी आहे. इथे अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे आणि रामसरचे १,४३७ हेक्टर, म्हणजे त्याच्या सातव्या हिश्श्याइतके. उरलेल्या मोठ्या पट्ट्यात गावे आणि शेते आहेत. ती वगळून हे अभयारण्य चालवता येणार नाही. चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी या गावांतली तरुण मंडळी आज पाहुण्यांना पक्षी दाखवतात. कुठल्या बांधाआड कुठला थवा उतरतो हे त्यांना ठाऊक असते, कारण त्याच बांधावर त्यांचे लहानपण गेले आहे.

राहिला मुक्कामाचा प्रश्न. नाशिककरांना तळ्याकाठी तंबूत राहायचे असते तेव्हा ते बहुधा भंडारदऱ्याला जातात. तिथला इतिहास सख्खा असला तरी जागा वेगळी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यही १९८६ चेच. पण तिथे १,६४६ मीटरचे कळसूबाई शिखर चढायचे असते, रतनवाडीच्या अमृतेश्वरापासून रतनगडाची वाट धरायची असते, मे-जूनमध्ये काजवे पाहायचे असतात. आणि खोल जलाशयाच्या काठी तंबू पडले तर पाण्यातल्या जिवांना त्याची झळ तुलनेने कमी लागते. काजव्यांच्या हंगामात गाड्यांचे दिवे आणि गर्दी यांनी तिथलीही शांतता मोडते, ती वेगळी आणि गंभीर तक्रार. नांदूरला मात्र काठ हाच पक्ष्यांचा संसार आहे. घरटी पाणकणसात, रात्रीचा निवारा बाभळींवर, चरणे चिखलात. तिथे पाण्यालगत तंबू, शेकोटी, मोठ्याने लावलेली गाणी यांना जागा नाही. मुक्काम गावात करावा, त्याचे पैसे गावात राहावेत, आणि काठावर फक्त पायी जावे. हा निर्णय मला भावनेपोटी सुचलेला नाही, तो तळ्याच्या उथळपणातून आपोआप निघतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जायचे ठरवलेत तर निघण्याआधी नांदूरच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारून घ्या: आवर्तन चालू आहे का? पातळी वर असेल तर मनोऱ्यावरून बदकांचे थवे पाहा. पाणी उतरून चिखल उघडा पडला असेल, तर सूर्य उगवायच्या आत काठाला पोचा; चिखलातले पक्षी तेव्हाच सगळ्यात जवळून दिसतात.