‘ढ’ मुलगा आणि त्याचे मास्तर

मराठीत एका अक्षरावर फार मोठा अन्याय झाला आहे. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत बाकीच्या अक्षरांनी रूपे बदलली, ढ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ‘ढ’, असे जाणकार सांगतात. व्युत्पत्ती खरी की मागाहून रचलेली, हा भाग सोडा. मला नवल वाटते ते याचे, की ज्या मुलाला अक्षर वाचता येत नाही त्याला नाव ठेवायला आपल्याला अक्षरच सापडले. आज बोलायचे आहे ते अशा मुलांविषयी, आणि त्याहून अधिक त्यांच्या मास्तरांविषयी.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचे गाव आहे. तिथल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी नोव्हेंबर १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका मुलाची हकिकत छापली. मुलाचे नाव पर्सी, वय चौदा. सातव्या वर्षापासून त्याला शिकवणे चालू होते. अक्षरे ओळखीची झाली होती, पण शब्द वाचता येत नव्हता. स्वतःच्या नावातल्या अक्षरांची तो अदलाबदल करून बसे. तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला गणित घातले: ७४९ गुणिले ८६७. त्याने ते झटपट आणि अचूक करून दाखवले! त्याच्या मास्तरांचे मत असे, की सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

मॉर्गनसाहेबांना हे लिहायची प्रेरणा झाली ती ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शलवुड यांच्या लेखनावरून. हिन्शलवुड यांनी पुढे १९१७ साली ‘जन्मजात शब्दांधत्व’ या विषयावर पुस्तकच लिहिले. डोळे ठणठणीत, बुद्धी शाबूत आणि छापील शब्दापुढे मात्र अंधार. रोगाला नाव मिळाले, डॉक्टरांना निबंधाचा विषय मिळाला. पर्सीला शिकवायचे कसे, हे मास्तरांना सांगणारे मात्र फारसे कोणी नव्हते.

हे काम अमेरिकेत सुरू झाले, तेही एका मेंदुतज्ज्ञाच्या खटपटीतून. सॅम्युअल ऑर्टन हे आयोवा राज्यातल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. १९२५ साली त्यांनी आपले तपासणी पथक रुग्णालयाबाहेर, खेडोपाडी नेले आणि तिथल्या शिक्षकांना सांगितले, तुम्हाला ज्यांची काळजी वाटते ती मुले आणा. आलेल्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. वाचता येत नव्हते. बुद्धिमापन चाचणीत गुणही अगदी कमी. पण त्याच्याशी बोलल्यावर ऑर्टन यांचा त्या आकड्यावरचा विश्वास उडाला. चाचणीने मुलाची बुद्धी मोजलीच नाही असे त्यांना वाटले. मला या डॉक्टरांबद्दल आदर वाटतो तो इथे. आकडा समोर असताना माणसावर विश्वास ठेवणे डॉक्टरला सोपे नसते.

त्यांची उपपत्ती मात्र पुढे टिकली नाही. मेंदूच्या दोन अर्धांपैकी एकाचे वर्चस्व नीट प्रस्थापित झाले नाही की अक्षरे उलटीसुलटी दिसतात, असे ते मानत. पुढच्या संशोधनाने दाखवले, की बहुतेक मुलांची अडचण डोळ्यापेक्षा ध्वनीशी निगडित असते. बोललेला शब्द सुटासुटा करून त्यातला एकेक ध्वनी वेगळा ऐकणे, आणि तो अक्षराशी बांधणे, इथे गाडी अडते. कारण चुकले, पण उपायाची दिशा बरोबर निघाली. वैद्यकात असे पुष्कळदा होते.

उपाय हातात घेतला दोन बायकांनी. न्यूयॉर्कच्या ‘एथिकल कल्चर’ शाळेतल्या मानसशास्त्रज्ञ अॅना गिलिंगहॅम आणि त्याच शाळेतल्या शिक्षिका बेसी स्टिलमन. ऑर्टन आता न्यूयॉर्कला आले होते. दोघींनी त्यांच्याकडून मेंदूचे समजून घेतले आणि इंग्रजी भाषेची मोडतोड आपल्या परीने सुरू केली. इंग्रजीत अक्षरे २६, ध्वनी ४४च्या आसपास. एकाच ध्वनीची पाच-पाच लेखने. हा सगळा गुंता त्यांनी उलगडून पायऱ्यापायऱ्यांनी मांडला. एका चिठ्ठीवर एक अक्षर. मुलाने ते बघायचे, त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणायचा, आपलाच आवाज कानाने ऐकायचा आणि हाताने ते गिरवायचे. थोडी अक्षरे पक्की झाली की लगेच त्यांचे शब्द. पुढची पायरी मागची मुरल्याखेरीज नाही, आणि रोज मागच्याची उजळणी. अंदाजाने वाचायला बंदी. १९३०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ही सारी रीत शिक्षकांसाठी एका पुस्तकात उतरवली. त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या पुढे कितीतरी वर्षे निघत राहिल्या.

आपल्या कानाला यात फार नवे काही वाटणार नाही. क, का, कि, की हे तर आपण पिढ्यान्‌पिढ्या घोकले. आमच्या मोहल्ल्यातल्या मक्तबमध्ये हाफिजसाहेब कायदा शिकवत तेव्हा ‘बे ज़बर ब, बे ज़ेर बि, बे पेश बु’ अशा हिज्ज्यांचा घोष चाले. सकाळी हा घोष आणि दुपारी शाळेत बाराखडी. दोन लिप्या उलट्या दिशांनी धावणाऱ्या, पण युक्ती एकच. मग गिलिंगहॅमबाईंनी वेगळे काय केले? आपल्याकडचा घोष सगळ्या वर्गासाठी एका चालीत असे. जो मागे पडला तो मागेच राही, आणि त्याला छडी मिळे. बाईंनी चाल त्या एका मुलाच्या पावलाला जुळवली. तो कुठे अडखळला हे शिक्षिकेने टिपायचे, आणि का अडखळला हे तिला भाषेच्या ज्ञानावरून कळले पाहिजे.

या ‘कळले पाहिजे’मध्येच खरी मेख आहे. पुस्तक विकत घेऊन हे जमत नाही. म्हणून दोघींनी शिक्षिका तयार करण्यावर भर दिला. हवाईतल्या होनोलुलूच्या पुनाहू शाळेत जाऊन त्यांनी तिथल्या शिक्षकांना शिकवले. शिकाऊ शिक्षिकेने अनुभवी शिक्षिकेच्या नजरेखाली प्रत्यक्ष मुलाला शिकवायचे, चुका दाखवून घ्यायच्या, पुन्हा शिकवायचे. गवयाच्या घराण्यात तालीम चालते तसे हे चालले. १९४८ साली ऑर्टन गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने संस्था निघाली. तीच १९९७ पासून ‘इंटरनॅशनल डिस्लेक्सिया असोसिएशन’ म्हणून ओळखली जाते. २०१४ मध्ये या संस्थेने अशा सगळ्या पद्धतींना मिळून ‘स्ट्रक्चर्ड लिटरसी’, म्हणजे रचनाबद्ध साक्षरता-शिक्षण, असे नाव दिले.

घराण्याची एक अडचण असते: ते घराण्यातच राहते. ही विद्या खासगी शाळांत आणि पैसेवाल्या आईबापांच्या मुलांपर्यंत पोचली. सरकारी शाळांतल्या शिक्षकाला ती मिळाली नाही, कारण त्याला घडवणाऱ्या कॉलेजांत वारे निराळेच वाहत होते. १९३०पासून ‘डिक आणि जेन’ची वाचनमाला अमेरिकाभर चालत होती. शब्द अखंड बघायचा, चित्रासारखा लक्षात ठेवायचा. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी या पद्धतीवर सडकून टीका करणारे पुस्तक लिहिले. ते तडाखेबंद खपले. १९६७ मध्ये जीन चॉल या विदुषीने आधीची सगळी संशोधने तपासून निर्वाळा दिला, की सुरुवातीला अक्षर-ध्वनीचा संबंध स्पष्ट शिकवणेच हिताचे. आणि नेमक्या त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी वाचन म्हणजे संदर्भावरून बांधलेला अंदाज अशी मांडणी केली. शिक्षणशास्त्राच्या जगाने मोहून जाऊन गुडमनना उचलून धरले. त्यांची कल्पना सुंदर होती, यात शंका नाही. मुलाला गोष्टींच्या सहवासात ठेवा, ते बोलायला शिकले तसे वाचायलाही शिकेल! कवीला असे वाक्य आवडायचेच. पण बोलणे लाखो वर्षांचे आणि लिपी पाच-सहा हजार वर्षांची. बोलणे मुलाच्या अंगात उगवते, लिपी बाहेरून लावावी लागते. काही मुलांत ती चटकन रुजते. पर्सीसारख्यांत नाही.

१९९४ साली लुइझा मोट्स या बाईंनी या वादात एक निराळाच प्रश्न घातला. मुलांची परीक्षा पुष्कळ झाली, जरा शिक्षकांना भाषेबद्दल काय माहीत आहे ते बघू. इंग्रजीतला ‘ऑक्स’ हा शब्द घ्या: अक्षरे दोन, ध्वनी तीन. असे साधे प्रश्न. अनुभवी शिक्षकांनाही त्यातले बरेच येईनात. मोट्सबाईंनी याचा दोष शिक्षकांना दिला नाही. त्यांना हे कधी कोणी शिकवलेच नव्हते. ज्याला शब्दातले ध्वनी मोजता येत नाहीत त्याने ते मुलाला मोजायला कसे लावावे? शंभर वर्षे मुलाच्या डोक्यात शोधलेला दोष त्यांना प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात सापडला. पुढे त्यांनी शिक्षकांसाठीच ‘लेटर्स’ नावाचा दीर्घ पाठ्यक्रम तयार केला.

यानंतरची वाट मात्र सरळ नाही. २००० साली अमेरिकी संसदेने नेमलेल्या राष्ट्रीय वाचन मंडळाचा अहवाल आला. त्याने पद्धतशीर ध्वनिशिक्षणाच्या बाजूने कौल दिला. सरकारने ‘रीडिंग फर्स्ट’ योजना काढली, वर्षाला सुमारे शंभर कोटी डॉलर ओतले. २००८ मध्ये तिचे सरकारी मूल्यमापन झाले. पहिलीतल्या मुलांचा शब्दोच्चार सुधारला होता. वाचलेले समजण्यात मात्र फरक पडलेला नव्हता.

मला याचे आश्चर्य वाटले नाही. मक्तबमध्ये आम्ही अरबी घडाघडा वाचत असू, एकाही वाक्याचा अर्थ न कळता. त्या वाचनाचे पुण्य वेगळे आणि त्याची गोडीही वेगळी, ती मी नाकारत नाही. पण ध्वनी उच्चारता येणे म्हणजे पूर्ण वाचन नव्हे, हे मला सिद्धान्तावाचून ठाऊक होते. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये हेच गणितासारखे मांडले: उलगडणे गुणिले समजणे. दोहोंपैकी एक शून्य, तर उत्तर शून्य. रचनाबद्ध शिक्षणाचे जे भाबडे भक्त केवळ ध्वनीवर थांबतात, ते या गुणाकाराची एकच बाजू वाचतात.

मिसिसिपी राज्याने दोन्ही बाजू धरल्या असे दिसते. हे अमेरिकेतले अत्यंत गरीब राज्य. २०१३च्या राष्ट्रीय चाचणीत तिथल्या चौथीच्या मुलांचे वाचनाचे सरासरी गुण २०९, देशाचे २२१. त्याच वर्षी त्यांनी कायदा केला. शिक्षकांना मोट्सबाईंचा पाठ्यक्रम दिला, मागे पडलेल्या शाळांत मार्गदर्शक पाठवले; ते वर्गात बसून शिक्षकाला हाताशी धरत. २०२४ मध्ये मिसिसिपी २१९वर होते आणि देश घसरून २१४वर आलेला. पण त्याच कायद्याने तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलांना मागे ठेवण्याचीही तरतूद केली. यशाचा किती वाटा शिक्षकांचा आणि किती या गाळणीचा, यावर तिथे भांडण चालू आहे. मला स्वतःला मुलाला नापास करण्याचा भाग रुचत नाही. मास्तर शिकायला तयार झाले, तिथवर माझा सलाम.

रेडिओवर बोलतो आहे म्हणून आणखी एक सांगतो. हा विषय अमेरिकेत घराघरांत पोचला तो २०१८ पासून, एमिली हॅनफर्ड या पत्रकार बाईंच्या ध्वनिमाहितीपटांमुळे. आपल्याला कॉलेजात हे का शिकवले नाही, असे शिक्षकच विचारू लागले.

आपल्याकडे मुंबईत ‘महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन’ १९९६ साली स्थापन झाली. त्याच वर्षी राज्य सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २००७च्या डिसेंबरात ‘तारे जमीं पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द खेड्यातल्या आईलाही ऐकून माहीत झाला. २०१५ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी चाचणी काढली, तीत मराठी आहे. तोवर मराठी बोलणाऱ्या मुलाची अडचण बहुधा इंग्रजीच्या गजाने मोजली जाई. प्रमाणपत्र मिळाले की परीक्षेत जादा वेळ मिळतो. ते घेऊन आई दुसऱ्या दिवशी शाळेत जाते आणि विचारते, आता याला शिकवणार कोण?

इंग्रजीसाठी रचलेली पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही. मराठीची वळणे निराळी. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, बोलताना मागून. ‘सूर्य’मधला रफार डोक्यावर बसतो ‘य’च्या, उच्चारला जातो त्याच्या आधी. ‘चार’मधला च आणि ‘चाळ’मधला च कानाला वेगळे, कागदावर एकच. जोडाक्षरांची तर गोष्टच सोडा. अडखळणारे मूल नेमके इथे ठेचकाळते, आणि ज्या शिक्षकाने ही ठिकाणे स्वतः कधी थांबून पाहिली नाहीत त्याला ते ‘निष्काळजी’ वाटते.

ही ठिकाणे थांबून पाहणारी एक बाई फलटणला राहिली. मॅक्सिन बर्नसन, जन्माने अमेरिकन. फलटणच्या बोलीवर त्यांनी १९७३ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, १९७८ मध्ये भारताचे नागरिकत्व घेतले, दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. त्यांनी अ ते ज्ञ हा क्रम बाजूला ठेवला. अक्षरे लहान लहान गटांत घेतली आणि कानामात्रा पुढच्या इयत्तेसाठी राखून न ठेवता पहिल्या गटापासूनच आणली, म्हणजे चार-पाच अक्षरांतच मुलाच्या हाती खरे शब्द येतात. जोडीला भरपूर गोष्टी. आणि वर्गातल्या बाईंची तालीम, गिलिंगहॅमबाईंसारखीच, शेजारी बसून.