पडीक भूखंडांवरची मुक्तांगणे

महानगरातील चौदा-पंधरा वर्षांची मुलेमुली शाळा सुटल्यावर जातात कुठे, हा प्रश्न नगररचनेच्या आराखड्यांत सहसा पडलेला नसतो. लहानग्यांसाठी घसरगुंडी असते, वडीलधाऱ्यांसाठी बाकडी असतात; मिसरूड फुटू लागलेला मुलगा मात्र कोठे थोडा वेळ रेंगाळला तरी रखवालदार त्यास हटकतो. आपल्या उद्यानांतील पाट्याही ‘हे करू नये, ते करू नये’ एवढेच सांगतात. सामुदायिक बाग ही संकल्पना नेमकी याच्या उलट आहे. वस्तीतील रहिवाशांनी मिळून कसलेली, कुलूपकिल्लीसह त्यांनीच सांभाळलेली सामाईक जागा म्हणजे सामुदायिक बाग होय. अशा बागांचा सर्वांत बोलका इतिहास न्यूयॉर्क शहराचा आहे.

१९७० च्या दशकात हे शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात आणि साउथ ब्रॉन्क्समध्ये घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या. कित्येक जळाल्या, अनेक पाडल्या गेल्या. उरले ते विटांचे ढिगारे. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी या चित्रकर्तीने सहकाऱ्यांसह बॉवरी व हाउस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरील असाच एक भूखंड साफ केला. ‘ग्रीन गेरिलाज’ म्हणवणारी ही मंडळी बियाणे भरलेले फुगे कुंपणांपलीकडे भिरकावीत. पुढच्याच वर्षी महापालिकेने तो भूखंड महिना एक डॉलर भाड्याने दिला, आणि १९७८ मध्ये अशा बागांसाठी ‘ग्रीनथम्ब’ हा सरकारी कार्यक्रमच सुरू झाला.

तरुणांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरली ती ‘ला प्लाझा कल्चरल’. १९७६ मध्ये अ‍ॅव्हेन्यू सी व नवव्या रस्त्याच्या नाक्यावरील ओसाड जागा प्वेर्तो रिकन रहिवाशांनी आणि ‘चारास’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ताब्यात घेतली. (संस्थापकांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून हे नाव बनले, आपल्या कानांना जो पदार्थ आठवतो त्याच्याशी त्याचा संबंध नाही.) या कार्यकर्त्यांतील काही जण पूर्वी रस्त्यावरच्या टोळ्यांत वावरलेले होते. बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटाकार रचना स्वतःच्या हातांनी उभारून पाहण्याचा उद्योगही त्यांनी याआधी केला होता. इमारती कापून त्यांतून कलाकृती घडविणारा गॉर्डन मॅटा-क्लार्क येथे मदतीस आला. रेल्वेचे जुने स्लीपर आणि पडक्या घरांतून आणलेले सामान यांतून एक खुले रंगमंडल उभे राहिले. लिझ क्रिस्टी यांनी झाडे दिली. पुढे कुंपणाच्या जाळीवर पत्र्याच्या रिकाम्या डब्यांची रंगीत फुले उमलली; ती हिवाळ्यातही कोमेजत नाहीत.

ब्रॉन्क्समध्ये या प्रवृत्तीने वेगळे रूप घेतले. तेथील बागांत ‘कासिता’ उभ्या राहिल्या. प्वेर्तो रिकोच्या खेड्यांत असते तसे पडवी असलेले हे लाकडी खोपट. ‘रिंकॉन क्रिओयो’ ही त्यांपैकी सर्वांत नावाजलेली कासिता. होसे ‘चेमा’ सोटो यांनी ती वसविली. आपल्या डफाशी नाते सांगणारे ‘पांदेरेता’ हे वाद्य, ‘प्लेना’ व ‘बोंबा’ हे गायन-नृत्यप्रकार शहरात जन्मलेल्या पिढीच्या कानी पडले ते या पडवीत. ना वर्ग, ना शुल्क, ना परीक्षा. म्हाताऱ्यांनी वाजवायचे आणि पोरांनी शेजारी बसून उचलायचे, ही रीत आपल्या भजनी मंडळांना अपरिचित नाही.

अशी जागा सुरक्षित कशामुळे होते? कुंपण व कुलूप ही कारणे दुय्यम आहेत. वाफे खुरपणारी, डॉमिनो खेळणारी मोठी माणसे सहज नजर ठेवून असतात, पण हजेरी घेत नाहीत. हे मुख्य कारण दिसते. फिलाडेल्फियात संशोधकांनी ५४१ पडीक भूखंडांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. भूखंड साफ करून हिरवळ लावलेल्या गरीब वस्त्यांत बंदुकीचा हिंसाचार सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. तथापि, ही केवळ साफसफाई व हिरवळ होती, बागकाम नव्हे. तेव्हा बागेमुळे गुन्हेगारी थांबते असा सरसकट निष्कर्ष या आकड्यावरून काढणे उतावळेपणाचे ठरेल.

या बागांची खरी दुखरी नस म्हणजे मालकी. १९९९ मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी ११४ बागांचे भूखंड लिलावात काढले. अभिनेत्री बेट मिडलर यांची संस्था आणि ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ यांनी लिलावाच्या आदल्या दिवशी सुमारे ४२ लाख डॉलर मोजून त्या वाचविल्या. सातव्या रस्त्यावरील ‘एस्पेरान्सा’, म्हणजे ‘आशा’, इतकी सुदैवी नव्हती. ‘कोकी’ या प्वेर्तो रिकन बेडकाची भव्य प्रतिकृती दाराशी उभारून, तिच्या पोटात बसून कार्यकर्त्यांनी कडाक्याच्या थंडीत पहारा दिला. १५ फेब्रुवारी २००० रोजी बुलडोझर फिरलाच. अखेर २००२ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग व राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांच्यात समझोता होऊन बहुसंख्य बागांना संरक्षण मिळाले. काही मात्र घरबांधणीस सोडाव्या लागल्या.

घरबांधणीचा दावा खोटा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. गरिबांना घरे हवीच होती. पण बाग स्वतःच घरांच्या किमती चढविते. न्यूयॉर्क विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये दाखविले की बाग फुलल्यावर आसपासच्या हजार फुटांतील मालमत्तांचे भाव वाढतात, आणि ही वाढ सर्वाधिक असते ती सर्वांत गरीब वस्त्यांत. म्हणजे ज्या कुटुंबांच्या मुलांनी ढिगारे उपसले, त्यांनाच भाडे परवडेनासे होण्याचा धोका.

नॉरफोक व स्टँटन रस्त्यांच्या कोपऱ्यावर ‘चिल्ड्रन्स मॅजिकल गार्डन’ आहे. १९८० च्या दशकात रहिवाशांनी वस्तीतल्या मुलांसाठीच ती लावली. २०१३ मध्ये तिचा महापालिकेच्या मालकीचा भाग उद्यान खात्याकडे आला आणि वाचला. उरलेला तुकडा खासगी मालकीचा होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात विकासकाने तेथे उंच कुंपण घातले, बाग मधोमध चिरली गेली आणि वाद न्यायालयात गेला.