तेलाचा पहिला नळ

पूर्वी आपल्या गावात रॉकेल येई ते डब्यातून, आणि डबे येत बैलगाडीतून. तेल म्हटले की ते कशात तरी भरून वाहायचे, ही जुनी समजूत. अमेरिकेतही सुरुवातीला हीच रीत होती.

1859 साली पेन्सिल्व्हेनियात टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेक याला अवघ्या 69 फुटांवर तेल लागले. पुढे 1865 च्या जानेवारीत जवळच पिटहोल येथे तेलाचा लोंढा उसळला, आणि जिथे रान होते तिथे सप्टेंबरपर्यंत सुमारे 15,000 वस्तीचे गाव उभे राहिले. तेल उदंड, पण रेल्वेचे स्टेशन पाच मैल लांब, आणि मधला रस्ता म्हणजे नुसता चिखल. तोही साधा नव्हे, सांडलेल्या तेलात कालवलेला! त्यात राबणाऱ्या घोड्यांच्या अंगावरचे केस झडून जात. लाकडी पिंपे वाहणारे गाडीवान एका पिंपाला दोन-तीन डॉलर घेत, रस्ता बिघडला की त्याहून जास्त. विहिरीच्या मालकाची कमाई अशी वाटेतच जिरायची.

सॅम्युएल व्हॅन सिकेल या तेलाच्या व्यापाऱ्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टेशनापर्यंत दोन इंची लोखंडी नळ टाकला. नळाचे प्रयत्न आधीही झाले होते, पण सांध्यांतून तेल गळून जाई. याने घडीव लोखंड वापरले, आटे पाडून सांधे घट्ट बसवले आणि वाफेचे पंप जोडले. दिवसाला सुमारे 2,000 पिंपे तेल वाहू लागले. भाडे पिंपाला एक डॉलर. शेकडो गाड्यांचे काम मनगटाएवढ्या नळाने उरकले.

गाडीवानांनी रात्री तो नळ उखडला, फोडला. मालकाला हत्यारबंद पहारा बसवावा लागला. अशा लोकांना दंगेखोर म्हणून एका ओळीत निकालात काढण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ते पटत नाही. नळाने भाडे उतरले हे खरे, पण त्या बचतीतला एक पैसाही गाडीवानाच्या हाती आला नाही.

लहान तेलवाल्यांच्या हाती तरी किती राहिला? रेल्वेशी सवलतीच्या भाड्याचे करार करून रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने धंदा मुठीत धरला होता. तो विळखा सोडवायला 1879 साली स्वतंत्र तेलवाल्यांनी अॅलेघेनी पर्वत ओलांडून शंभरावर मैलांचा नळ नेला. तेल पोहोचले, पण चारच वर्षांत त्यांनाही स्टँडर्डशी तह करावा लागला.

आता धोक्याचे पाहू. गाडीवरचे पिंप फुटले तर एक पिंप जाते, आणि गाडीवानाला ते लगेच दिसते. नळात तेल दाबाखाली असते. आतून पाणी व गाळ साचून लोखंड गंजते, बाहेरून ओली माती खाते. जोड कच्चा असेल तर तिथेच तडा जातो. आणि नळ बहुधा जमिनीखाली. 2006 च्या मार्चमध्ये अलास्कातल्या प्रुडो बे येथे एका नळाला पाव इंचाच्या आसपास छिद्र पडले. काही दिवस तेल बर्फाखाली पसरत होते. यंत्रांनी सांगितले नाही, जाता-येता एका कामगाराला वास आला तेव्हा कळले. तोवर दोन लाख गॅलनांहून अधिक तेल गेले होते. त्या नळाची आतून साफसफाई 1998 नंतर झालेलीच नव्हती. झाडलोटीचा खर्च वाचवला, दुसरे काय!

आपल्या देशात आसामातल्या नहारकटियापासून गुवाहाटीमार्गे बिहारातल्या बरौनीपर्यंतचा 1,157 किलोमीटरचा नळ 1962 ते 1964 या काळात सुरू झाला. पुढे 1978 साली मुंबईजवळच्या समुद्रातले तेल तळावरच्या नळाने उरणला येऊ लागले. जमिनीवरच्या अशा मार्गांवर आजही माणसे पायी फिरतात. त्यांना ‘लाइन वॉकर’ म्हणतात. कुठे माती उकरलेली दिसते का, पीक करपले आहे का, वास येतो का, एवढे पाहत ती शेतांच्या बांधांवरून जातात.