लोणावळ्याची प्रार्थना आणि केडगावचे उत्तर

ईश्वरास प्रश्न विचारणे ही क्रिया बहुतेक धर्मांत आढळते. परंतु त्या प्रश्नास कोणत्या स्वरूपाचे उत्तर अपेक्षावयाचे, याविषयी मात्र परंपरापरंपरांत भेद दिसतो. कोकणात ग्रामदैवतास कौल लावतात, तेव्हा प्रश्न आधीच दोन पर्यायांत बांधलेला असतो. कळी उजवीकडची पडली तर एक अर्थ, डावीकडची पडली तर दुसरा. देवाचे उत्तर प्रश्नकर्त्याने आखलेल्या चौकटीतच उतरते. ख्रिस्ती धर्मग्रंथातील काही महत्त्वाचे प्रसंग याहून निराळे आहेत. ईयोब आपल्या दुःखाचे कारण विचारतो. वावटळीतून त्यास जे उत्तर मिळते त्यात कारण मुळीच नसते, उलट प्रश्नांचीच मालिका असते. पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला आणि तो सोसण्याचे बळ मिळाले. उत्तराची अशी विसंगती भारतीय परंपरेस अपरिचित आहे असे नव्हे. कठोपनिषदातील नचिकेत्याने मृत्यूविषयी विचारले असता यमाने प्रथम त्यापुढे ऐश्वर्य ठेविले होते. तथापि ख्रिस्ती श्रद्धेत प्रश्न व उत्तर यांमधील हे अंतर साधकाच्या अनुभवाचा गाभाच होऊन बसते. महाराष्ट्राच्या इतिहासात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले आणि पुढे कुटुंबासह तीर्थयात्रा करीत पुराणकथनावर निर्वाह चालविला. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात हा निर्वाह तुटला. रमाबाईंच्या आत्मनिवेदनावरून असे दिसते की, या काळात कुटुंबाने उपवास, अनुष्ठाने, दाने यांत काहीही उणे ठेविले नव्हते. मागणे साधे होते, आणि उत्तर आले नाही. आई, वडील व थोरली बहीण अल्पावधीत निवर्तली. त्यांच्या पुढील आयुष्यातील धर्मचिंतनाचे मूळ या मौनात आहे.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा गौरव केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनी जेराल्डिन व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार त्या काळच्या त्यांच्या जिज्ञासेचे स्वरूप दाखवितो. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, व्यक्तीच्या विवेकाची मर्यादा यांविषयी रमाबाई तर्कशुद्ध प्रश्न विचारीत होत्या आणि त्यांस तितकीच तर्कशुद्ध उत्तरे मागत होत्या. मात्र १८९१ च्या सुमारास त्यांचा अनुभव पालटला. आपणांस ख्रिस्ती धर्म गवसला होता, पण ख्रिस्त गवसला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे दिली. सिद्धान्ताविषयीच्या प्रश्नास त्यांना मिळालेले उत्तर सिद्धान्ताच्या रूपाने आले नाही, असा याचा अर्थ.

मध्यंतरी ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले आणि १८९० साली ते पुण्यास नेले. हे सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. मुंबई-पुणे लोहमार्ग कर्जत-भिसेगावच्या परिसरातून घाटाकडे वळतो आणि १८६३ साली खुल्या झालेल्या भोरघाटाच्या चढणीने लोणावळ्यास पोहोचतो. या घाटमाथ्यावर ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामेळे भरत. १८९६ च्या मेळ्यास रमाबाई आपल्या काही मुलींसह गेल्या होत्या. एके पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या. श्रद्धा स्वीकारलेल्या १५ मुली त्या वेळी त्यांच्यासमवेत होत्या. सूर्योदय पाहताना त्यांनी ईश्वराकडे मागितले ते असे की, या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे पुढील मेळ्यापूर्वी २२५ मुली मिळाव्यात. मागणीत आकडा निश्चित होता, मुदतही निश्चित होती. कौलाच्या प्रश्नाइतकीच ती नेमकी होती.

त्यानंतर काही महिन्यांतच मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या आपत्तीने आपले आईवडील हिरावले तीच पुन्हा उभी राहिलेली पाहून रमाबाई तिकडे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. या मुलींची संख्या २२५ च्या पुढे गेली. पुण्यात प्लेगचे निर्बंध जारी झाल्यामुळे त्यांना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगाव येथे आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. १८९८ मध्ये तेथे मुक्ती सदन उभे राहिले.

रमाबाईंनी यास प्रार्थनेचे उत्तर मानले. परंतु मागणे व मिळणे यांची तुलना करता जुळतो तो केवळ आकडा. मागणे श्रद्धावंत मुलींचे होते. आल्या त्या भुकेने खंगलेल्या, रोगग्रस्त, बहुधा शेतकरी व कनिष्ठ मानलेल्या जातींतील मुली. उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी काढलेली संस्था या उत्तरामुळे मुळापासून बदलली. शेती, विणकाम, छापखाना ही कामे तिच्यात आली आणि अंध व परित्यक्त स्त्रियांनाही तेथे आश्रय मिळू लागला. प्रश्नात जे नव्हतेच ते उत्तराचा मुख्य भाग होऊन बसले.

येथे एका अडचणीकडे डोळेझाक करता येत नाही. एकीची प्रार्थना सफळ होण्यासाठी सहस्रावधींनी उपाशी मरावे, हे उत्तर म्हणावे काय? शिवाय अन्न मागणाऱ्या मुलीस अन्नासोबत धर्मही मिळाला. त्यास तिची संमती कितपत होती? शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या कारणावरून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी १८९३ मध्येच सल्लागार मंडळ सोडले होते, आणि तो आक्षेप केवळ धर्माभिमानातून आलेला नव्हता. दुष्काळ ही ईश्वरी योजना होती असे इतिहासकार म्हणू शकत नाही; तसे म्हटल्यास मृतांवर अन्याय होईल. साधनांच्या आधारे एवढेच सांगता येते की, बालपणी ज्या आपत्तीपुढे रमाबाई निरुपाय होत्या, तीच आपत्ती दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी ‘हे का घडते’ असे विचारण्याऐवजी ‘यातून कोणास वाचविता येईल’ हा प्रश्न हाती घेतला. आईवडिलांच्या मृत्यूचे कारण त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. ईयोबासही ते कळले नव्हते.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले; भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रीस समजेल अशी मराठी त्यांनी त्यासाठी हेतुपुरस्सर निवडली होती. तर्ककुशल पंडितेने विचारलेल्या प्रश्नांचे फलित अखेर निरक्षरतेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या हाती पडावे, हेही त्याच अंतराचे एक गमक होय.

‘उत्तर’ या शब्दास मराठीत ‘जबाब’ असा अर्थ आहे, तसाच ‘नंतरचे’ असाही आहे. उत्तरार्ध, उत्तरकाल या शब्दांत तो टिकून आहे. प्रश्नाच्या साच्यात बसणारा तो जबाब, ही पहिल्या अर्थाची अपेक्षा. रमाबाईंच्या चरित्रात दुसरा अर्थच अधिक खरा ठरतो. लोणावळ्याच्या पहाटे मागितलेल्या आकड्यापेक्षा त्यानंतर केडगावात पंचवीस वर्षे चाललेले काम, हेच त्या प्रार्थनेचे उत्तर म्हणावे लागते.