तापाच्या गोळीतली नीळ

पॅ-रा-सि-टॅ-मॉल. असे पाच तुकडे पाडले की जीभ सुटते, पण नावाची गाठ सुटत नाही. त्यासाठी संस्कृतच्या तासाला करायचो तो संधिविग्रहच करावा लागतो: पॅरा, ॲसिट, ॲम, ऑल. 'पॅरा-ॲसिटिल-अमिनो-फिनॉल' या लांबलचक नावाचे कपटे जोडून हे नाव शिवलं. अमेरिकेत त्याच कापडातून वेगळे कपटे घेतले आणि 'ॲसिटामिनोफेन' शिवलं. गोळी तीच.

'ॲसिट' लॅटिन व्हिनेगरचं. 'इल' हे शेपूट लीबिग आणि व्होलर या जर्मन जोडीनं 1832 मध्ये ग्रीक 'हूले'वरून घेतलं. हूले म्हणजे लाकूड, आणि मूळ द्रव्यही. 'अमिनो' अमोनियाचं लेकरू, आणि अमोनिया इजिप्तच्या आमून देवाच्या नावाचा. त्या देवाच्या नावानं युरोपात ओळखला जाणारा क्षार म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचा नवसागर.

याच गोळीचं दुसरं रासायनिक नाव जास्त मजेचं आहे: चार-हायड्रॉक्सी-ॲसिटॅनिलाइड. त्यातलं ॲसिटॅनिलाइड हे स्वतःच एक जुनं औषध. 1886 मध्ये स्ट्रासबर्गला कान आणि हेप या डॉक्टरांच्या रुग्णाला नॅफ्थलीनऐवजी चुकून ही भुकटी दिली गेली आणि त्याचा ताप उतरला. पुढे ती घेणाऱ्यांचे ओठ निळे पडू लागले. ताप उतरवण्याचं काम ही भुकटी नव्हे, तर शरीरात तिच्यापासून तयार होणारं पॅरासिटॅमॉल करतं, हे 1948 मध्ये ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं.

आता विग्रह: ॲसिट, अनिल, आइड. वाऱ्याचा अनिल नव्हे हा. 1840 मध्ये फ्रित्शे या रसायनज्ञानं दाहक पोटॅशबरोबर नीळ तापवली आणि निघालेल्या तेलाला ॲनिलिन म्हटलं, कारण पोर्तुगीज निळीला 'अनिल' म्हणत. त्यांनी तो शब्द अरबांकडून उचललेला. अरबीत 'अल्' आणि 'नील' जवळ आले की ल् चा न् होतो, 'अन्-नील'. आणि नील तर आपल्याच संस्कृतातून तिकडे गेलेला. ओठ निळे पडण्याचा या निळीशी संबंध नाही, तो निव्वळ योगायोग.

म्हणजे दोन्ही नावांत तोंडाला तोच 'टॅ' लागतो. त्यातला ट् दोन्हीकडे व्हिनेगरचा. स्वर मात्र पॅरासिटॅमॉलमध्ये आमून देवाचा, आणि ॲसिटॅनिलाइडमध्ये अरबी 'अल्'चा.