भिंतीपलीकडचा न्यूट्रॉन

माझ्या कामाचं नाव भारदस्त आहे: पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरमधल्या किरणोत्सर्गाचं सिम्युलेशन. प्रत्यक्षात मी बहुतेक वेळ एकाच प्रश्नामागे असते. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारा प्रोटॉनचा झोत धातूवर आदळला, तर काँक्रीटच्या भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला किती डोस मिळेल? भिंत आधी बांधावी लागते, मशीन नंतर येतं. त्यामुळे मोजून बघू आणि मग ठरवू, ही सोय नाही. आम्ही कॉम्प्युटरवर फासे टाकतो आणि त्यावरून भिंतीची जाडी सांगतो.

हे ऐकून बरेच जण दचकतात. पण फाशांशिवाय काय व्हायचं, तेही इतिहासात आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये १९५४ साली बेव्हाट्रॉन सुरू झाला. पुढच्याच वर्षी तिथे अँटिप्रोटॉन सापडला, त्याचं नोबेलही मिळालं. मात्र सुरुवातीला या मशीनच्या डोक्यावर काँक्रीटचं छत नव्हतं. वर गेलेले न्यूट्रॉन आकाशात निघून जातील असं वाटेल, पण ते हवेतल्या अणूंवर आपटून परत जमिनीवर येतात. आमच्या धंद्यात याला ‘स्कायशाइन’ म्हणतात. नाव काव्यमय, प्रकार तापदायक. छत नंतर घालावं लागलं.

फाशांची कल्पना तेव्हा जुनी झालेली होती, फक्त ती दुसऱ्याच कामात गुंतली होती. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती मोठ्या आजारपणातून उठत होता. वेळ जावा म्हणून तो पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसे. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढायला गेला तर आकडेमोड हाताबाहेर. मग त्याला सुचलं, शंभर डाव खेळायचे आणि किती सुटले ते मोजायचं! ही गोष्ट त्याने जॉन फॉन नॉयमनला सांगितली. दोघंही लॉस अलामॉसच्या अणुबॉम्बच्या कामातले, त्यामुळे पत्त्यांवरून विचार थेट न्यूट्रॉनवर गेला. न्यूट्रॉन किती अंतर जाईल, कशावर आदळेल, कुठे वळेल, हे सगळं नशिबावरच असतं. मार्च १९४७ मध्ये फॉन नॉयमनने रॉबर्ट रिक्टमायरला पत्र लिहून पूर्ण पद्धत मांडली. उलामचा एक काका पैसे उसने घेऊन जुगार खेळायला मॉन्टे कार्लोला जायचा, म्हणून निकोलस मेट्रोपोलिसने नाव सुचवलं: मॉन्टे कार्लो.

इथपर्यंतची गोष्ट पुस्तकांत सापडते. पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. १९४८ च्या वसंतात मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीन इथे एनिअ‍ॅक नावाच्या खोलीभर कॉम्प्युटरवर ही गणितं पहिल्यांदा चालली. त्यासाठीच्या सूचना लिहिण्यातला मोठा वाटा क्लारा फॉन नॉयमनचा होता. ती जॉनची बायको. बुडापेस्टची, कॉलेजात गणित न शिकलेली. मेट्रोपोलिसबरोबर ती तिथे राबली आणि थकून, वजन घटवून घरी परतली. एकेका न्यूट्रॉनसाठी एकेक पंच कार्ड होतं: तो कुठे आहे, किती वेगात आहे, कुठल्या दिशेने चाललाय. मशीनने कार्ड वाचायचं, फासा टाकायचा, नवं कार्ड छापायचं. १९४९ साली या पद्धतीवर गाजलेला लेख आला, लेखक मेट्रोपोलिस आणि उलाम. क्लाराचं नाव लेखकांत नाही. आज मी जे करते त्याचा सांगाडा तिच्या कामात दिसतो, म्हणून ही गोष्ट मला खुपते.

मशीन फासा टाकतं कसा? मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६. मधले चार आकडे घ्या, ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९, मधले चार ३२१५. असंच पुढे. ही फॉन नॉयमनची युक्ती. यात खरं तर काहीच यादृच्छिक नाही, आणि कधीकधी ती शून्यावर येऊन बसते. आज याहून कितीतरी चांगल्या पद्धती आहेत. पण एक गुण तोच राहिला: सुरुवातीचा आकडा तोच दिला की सगळे फासे तसेच पडतात, त्यामुळे चूक शोधता येते.

मग ही पद्धत बॉम्बकडून अ‍ॅक्सिलरेटरकडे आली. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये योहानेस रान्फ्टने १९६२ च्या सुमारास प्रोटॉनच्या झोतासाठी असा प्रोग्रॅम लिहायला घेतला. वेगवान प्रोटॉन अणुकेंद्रावर आदळला की त्यातून नवे कण उडतात, ते पुढच्या केंद्रांवर आदळतात. फटाक्यांची माळ पेटावी तसं, फक्त इथे प्रत्येक फटाका नवी माळ पेटवतो. त्या जर्मन नावावरूनच प्रोग्रॅमचं नाव पडलं, फ्लुका. १९८९ नंतर फासो, फेरारी आणि साला यांनी तो जवळजवळ नव्याने लिहिला. सर्नच्या २७ किलोमीटरच्या एलएचसीमध्ये एका झोतात सुमारे ३६० मेगाज्यूल ऊर्जा असते. तो झोत बंद करताना ज्या ग्रॅफाइटमध्ये जिरवतात, त्याच्याही हिशेबाला फ्लुका लागला.

बॉम्बवाल्यांना न्यूट्रॉन वाढायला हवे होते, मला ते थांबायला हवेत. त्यामुळे माझी अडचण वेगळी. जाड भिंतीतून लाखात एखादाच न्यूट्रॉन पार होतो, आणि मला नेमका तोच मोजायचा असतो. साधे फासे टाकत बसलं तर आयुष्य जाईल, कारण त्रुटी निम्मी करायला चौपट फासे लागतात. म्हणून न्यूट्रॉन भिंतीत खोल गेला की त्याचे दोन करायचे, प्रत्येकाचं वजन अर्धं. उलट्या दिशेने निघाला तर नाणं उडवून निम्मे मारायचे, वाचलेल्यांचं वजन दुप्पट. या दुसऱ्या युक्तीला आमच्यात ‘रशियन रुले’ म्हणतात. ऐकायला क्रूर आहे, पण हिशेब चोख राहतो.

न राहणारी गोष्ट दुसरी. भिंतीत केबलसाठी ठेवलेलं भोक नकाशात दाखवलंच नसेल, तर प्रोग्रॅम अत्यंत बारीक त्रुटीसह पूर्ण चुकीचं उत्तर देतो. म्हणून मी फाशांपेक्षा नकाशांवर जास्त वेळ घालवते.

यातलं काही लांब जिनिव्हातच घडतं असं नाही. खारघरच्या टाटा मेमोरियलच्या आवारात कॅन्सरवर प्रोटॉनने उपचार होतात. पेशंटकडे जाणारा झोत वाटेतही न्यूट्रॉन निर्माण करतो, आणि शेजारच्या खोलीत कुणी ना कुणी काम करत असतंच. किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांना वर्षाला सरासरी २० मिलीसिव्हर्ट चालतात, बाकीच्यांना फक्त १. अशा खोल्यांची गणितं आली की इंजिनिअर शेवटी विचारतात, ‘मॅडम, दोन मीटर की सव्वादोन?’ काँक्रीट महाग असतं, जागा त्याहून महाग. मी पुन्हा एकदा भोकांचा नकाशा मागवते.